पातळ चुन्याची फुली

काच हा जिन्नसच असा आहे की, तो आपले काम जितके चोख बजावील तितका तो डोळ्यांस दिसेनासा होतो. आणि जे दिसत नाही त्यावर मनुष्य हटकून आपटतो. याच कारणास्तव काचेचा धंदा करणारी जाणती माणसे दुकानाबाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोठ्या काचेवर कालवलेल्या चुन्याची एक ठसठशीत फुली मारतात. काच जागेवर बसली की ती फुली ओल्या फडक्याने तत्काळ पुसून टाकावयाची असते. कारण चुना फार दिवस राहिला तर तो काच खातो, असे या धंद्यातले शहाणपण आहे.

या कथेतील काचवाला सदर नियमाचा इतका कट्टर पुरस्कर्ता होता की, गल्लीने त्याचे नावच ‘फुलीमास्तर’ ठेवून दिले होते. वस्तुतः चौथीच्या पुढे त्याने शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. परंतु पदवी एकदा चिकटली की ती डिंकासारखी सुटत नाही, आणि त्यामुळे त्याची पत्नीही विनासायास ‘मास्तरीण’ होऊन बसली. “फुली मारावी आठवणीने, आणि पुसावी त्याहून आठवणीने,” हे मास्तरांचे वचन त्यांच्याकडे काम शिकून गेलेल्या चौघांना तोंडपाठ होते.

आणि दैवाची थट्टा कशी असते पाहा! ज्या एका सकाळच्या फुलीवर त्यांच्या पुढील सर्व आयुष्याचा निवाडा अवलंबून राहावयाचा होता, नेमकी तीच सकाळ त्यांच्या स्मरणातून पुसली गेली.

त्या सकाळी एका दुकानाची पुरुषभर उंचीची दर्शनी काच हातगाडीवर उभी करून मास्तर निघाले होते. काच गाडीहून लांब असल्यामुळे तिचा हातभर भाग मागे बाहेर आलेला होता. चौकापाशी डाव्या हाताच्या बोळातून एक टेंपो भरधाव बाहेर पडला. गाडीच्या मागे मोकळी वाट आहे असे समजून चालकाने टेंपो तेथून घातला, आणि त्या ‘मोकळ्या’ वाटेत काच होती. धडक बसली, काच फुटली, आणि तिचा वरचा भाग पुढे येऊन मास्तरांच्या उजव्या मनगटात उतरला. ते जमिनीवर आपटले तेव्हा डोक्यालाही मार बसला. निघताना काचेला दोरी आवळल्याचे त्यांना आठवे; त्यानंतर एकदम रुग्णालयाचे छत आठवे. मधला सगळा भाग कोरा.

हात राहिला, पण अंगठा आणि त्याच्या शेजारचे बोट यांची चिमूट बसेना. काच कापण्याचा हिरा पेन्सिलीएवढ्या दांड्यात बसविलेला असतो व तो चिमटीत धरूनच ओढावा लागतो. ज्याचे पोट हातावर, त्याचा हातच गेला, तर पोटाने कोणाच्या तोंडाकडे पाहावे?

बुडालेल्या कमाईची भरपाई मिळावी म्हणून मास्तरांनी अर्ज केला. त्याला टेंपोच्या विमा कंपनीकडून जे उत्तर आले ते थोडक्यात असे: गाडीबाहेर आलेल्या काचेवर कोणतीही खूण नव्हती, सबब चालकास ती दिसणे अशक्य होते, सबब अपघात अर्जदाराच्याच निष्काळजीपणाने घडला, सबब काहीही देणे लागत नाही. तीन वेळा ‘सबब’ लिहून त्यांनी मास्तरांच्या सबंध जन्मावर फुली मारली होती.

पोलिसांच्या पंचनाम्यात ‘काचेचे तुकडे इतस्ततः विखुरलेले’ एवढेच लिहिलेले होते. फुली होती असेही नव्हते आणि नव्हती असेही नव्हते. शेजाऱ्यांनी ते तुकडे गोळा करून पोत्यात भरून दुकानात आणून टाकले होते. उत्तराचा कागद वाचून मास्तर धावत कोपऱ्याकडे गेले आणि त्यांनी डाव्या हाताने पोते उघडले. तो आतला प्रत्येक तुकडा लख्ख धुतलेला.

“रक्त होतं त्याला,” पाठीमागून मास्तरीण म्हणाली. “बघवत नव्हतं.”

नवरा रुग्णालयात पडलेला असताना त्याचे रक्त दारात कोण ठेवील? मास्तरांनी पोत्याचे तोंड मिटले. परंतु रक्ताबरोबर फुलीही गेली, आणि आपल्या हक्कावर घरच्याच बादलीने पाणी सोडले, हा सल त्यांच्या मनात राहिला तो राहिलाच.

अपघाताला दीड वर्ष झाल्यावर प्रकरण न्यायालयात साक्षीला आले. साक्षीच्या आदल्या दिवशी दुपारी मास्तर, मास्तरीण आणि तिचा धाकटा भाऊ असे तिघे आपल्या वकीलबाईंच्या कचेरीत बसले होते. हा मेव्हणा व्यवसायाने सुतार; त्याची जीभ रंध्यासारखी समोरच्याची साले काढीत चाले, म्हणून लोक त्यास ‘रंधा’च म्हणत.

“उद्या एकच प्रश्न महत्त्वाचा आहे,” वकीलबाई म्हणाल्या. “फुली होती का? तुम्ही म्हणायचं, होती. झालं.”

“पण बाई, मला आठवत नाही.”

“तीस वर्षं मारताय ना? मग त्या दिवशीच कशाला विसराल?”

“तेच तर मीही म्हणतो. पण शपथ घेऊन ‘असणार’ म्हणता येतं का, ‘होती’ म्हणावं लागतं?”

वकीलबाईंनी हातातले पेन खाली ठेवले. “‘होती’ म्हणावं लागतं.”

“दाजी,” रंधा म्हणाला, “जन्मभर काचेला चुना लावलात. एकदा कोर्टाला लावा की! एका शब्दाचं काम आहे.”

“तू गप रे,” मास्तरीण एकदम खेकसली. भावावर ती सहसा आवाज चढवीत नसे. मास्तरांनी तिच्याकडे पाहिले. ती पदराचे टोक बोटाला इतके घट्ट गुंडाळीत होती की बोट पांढरे पडले होते.

न्यायालयाची खोली लांबट आणि उंच होती. वर पंखा फिरत होता, पण वारा मात्र फक्त न्यायाधीशांच्या कागदांना लागत होता. न्यायाधीश वयस्कर गृहस्थ होते. दर घटका दोन घटकांनी ते चष्मा काढीत, त्यावर तोंडाची वाफ सोडीत, आणि झग्याच्या टोकाने पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवीत. त्यांची ही सवय पाहून मास्तरांना उगीचच धीर आला. हा मनुष्य निदान काच स्वच्छ ठेवणारा आहे, असे त्यांच्या मनात आले.

प्रथम टेंपोचालकाची साक्ष झाली. तो पंचविशीचा, खाली मान घालून बोलणारा तरुण होता.

“गाडी दिसली, माणूस दिसला. मागं मोकळं दिसलं. काच दिसलीच नाही साहेब.”

“बोळाच्या तोंडाशी थांबला होतात का?” वकीलबाईंनी विचारले.

“मोकळं होतं म्हणून नाही थांबलो.”

“म्हणजे थांबला नाहीत.”

“मोकळं होतं ना बाई.”

मग मास्तर पिंजऱ्यात उभे राहिले. विमा कंपनीचे वकील उठले. त्यांचा आवाज अतिशय मऊ होता. आणि मऊ आवाजाच्या माणसापासून सावध राहावे हे मास्तरांना धंद्यात पुष्कळदा कळून आलेले होते, कारण काम बिघडले असे सांगणारे गिऱ्हाईक नेहमी हळूच बोलते.

“मास्तर म्हणतात ना तुम्हाला?”

“लोक म्हणतात. मी अडवत नाही.”

खोलीत थोडे हसू पिकले. वकील मात्र हसले नाहीत. “हा डॉक्टरांचा दाखला. उजव्या हाताला तीस टक्के अपंगत्व. म्हणजे सत्तर टक्के हात शाबूत. मग सत्तर टक्के कमाई का होऊ नये?”

मास्तर क्षणभर आपल्या हाताकडे पाहत राहिले. “साहेब, काच सत्तर टक्के कापून हात थांबला, तर तिला सत्तर टक्के कापलेली काच म्हणत नाहीत. फुटलेली काच म्हणतात.”

न्यायाधीशांनी मान वर केली आणि काहीतरी लिहून घेतले. वकीलबाईंच्या चेहऱ्यावर प्रथमच थोडा उजेड दिसला. परंतु विमा कंपनीचे वकील कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी दाखला बाजूला ठेवला व ते पिंजऱ्याच्या आणखी जवळ आले.

“छान बोलता. आता एवढंच सांगा. त्या सकाळी गाडीबाहेर आलेल्या काचेवर तुम्ही फुली मारली होती?”

आली वेळ! समोरच्या बाकावर रंधा ओठांनी नि:शब्दपणे ‘होती, होती’ करीत होता. त्याच्या शेजारी मास्तरीण खाली पाहत होती. एक शब्द. त्या एका शब्दावर दुकान राहणार की जाणार हे ठरावयाचे होते; उतारवयात दोघांनी कोणाच्या दारी उभे राहायचे की नाही हेही त्यावरच ठरावयाचे होते. मास्तरांनी डोळे मिटून ती सकाळ पुन्हा एकदा शोधली. दोरी. गाठ. आणि पुढे कोरे.

“मी नेहमी मारतो.”

“मी सवय विचारली नाही. त्या सकाळचं विचारतोय.”

“त्या सकाळचं...” मास्तर थांबले. “त्या सकाळचं मला आठवत नाही साहेब.”

“आठवत नाही, की मारली नव्हती?”

“आठवत नाही. जे मला दिसत नाही ते दिसलं म्हणून शपथेवर कसं सांगू?”

“आणखी प्रश्न नाहीत,” वकील तितक्याच मऊपणे म्हणाले आणि खाली बसले. न्यायाधीशांनी चष्मा पुसला, घड्याळाकडे पाहिले, आणि अर्ध्या तासाची सुट्टी जाहीर केली.

बाहेरच्या व्हरांड्यात पाऊल पडताच रंध्याचा बांध फुटला. “दाजी, तुम्हाला सत्यवादी म्हणून बक्षीस मिळणार आहे का? असेल तर सांगा, मी त्याला चौकट करून देतो! अहो, एक शब्द! एका शब्दात सगळं होत होतं!”

वकीलबाई भिंतीला टेकून उभ्या होत्या. “आता अर्ध्या तासाने मी काय बोलू, तेवढं सांगा. माझ्याकडे साक्षीदार नाही, पुरावा नाही. आणि तुम्ही स्वतःच...” त्यांनी वाक्य पुरे केले नाही.

“अहो,” मास्तरीण म्हणाली.

तिचा आवाज इतका बारीक होता की कोणाचे लक्ष गेले नाही. तेव्हा ती पुन्हा म्हणाली, “अहो, फुली तुम्ही मारलीच नव्हती.”

मास्तर वळले.

“मी मारली होती,” ती म्हणाली.

मग ती खाली पाहूनच भडाभडा सांगू लागली. “तुम्ही दोरी आवळत होतात. म्हणालात, अगं, हात अडकलेत, तेवढी फुली मार. डब्यात चुना तळाला होता. नवा कालवायला उशीर झाला असता, म्हणून मी त्यातच पाणी घातलं. फारच पातळ झाला. फुली मारली, पण वाळल्यावर असून नसल्यासारखी. तुम्ही पाठमोरे होतात. म्हटलं, एक दिवस चालतंय.”

“ताई!” रंध्याच्या तोंडून निघाले. “दीड वर्ष? दीड वर्ष तू हे पोटात ठेवलंस?”

“मग काय सांगू? ह्यांचा हात माझ्या हातानं गेला, हे सांगू?” तिने डोळ्यांना पदर लावला. “आणि तो कंपनीचा कागद आला ना, तेव्हा वाटलं, आता तुकडे मागतील, बघतील, म्हणतील, ही कसली फुली? बायकोनं पाणी मारलंय. म्हणून कागद ह्यांच्या हाती पडायच्या आत सगळे तुकडे धुऊन काढले.”

“म्हणजे पुरावा होता,” वकीलबाई सावकाश म्हणाल्या, “आणि तो तुम्ही धुऊन टाकलात.”

मास्तरांना राग आला होता, आणि तो कोणावर काढावा हे त्यांना समजत नव्हते. आपण विसरलो नव्हतो, एवढ्याने छातीवरचा एक दगड उतरला होता. आणि त्याच क्षणी दुसरा, त्याहून जड, दगड येऊन बसला होता. ज्या बाईने दीड वर्ष त्यांना सदरा घालून दिला, तिने हे ओझे घेऊन रोज त्या हाताच्या गुंड्या लावल्या होत्या! ते काहीतरी बोलण्यासाठी तोंड उघडणार, एवढ्यात तिच्या बोलण्यातला एक शब्द त्यांच्या मनात अडकला. काचेचा कण बोटात अडकावा तसा.

“थांब. तुकडे तू कधी धुतलेस म्हणालीस?”

“कागद आला त्या दिवशी. तुम्ही हाताची पट्टी बदलायला गेला होतात. कागद सकाळीच आला होता, मी दुपारी दाखवला तुम्हाला.”

“मी रुग्णालयात होतो तेव्हा नाही?”

“नाही हो. तेव्हा मी घरी कुठं होते? तेव्हा तर तुमच्या उशाशी होते.”

“आणि कागद आला अपघातानंतर...”

“चार महिन्यांनी,” वकीलबाई म्हणाल्या.

मास्तरांचे ओठ हलले. वर्षाहून अधिक काळ ते समजत होते की तुकडे पहिल्याच आठवड्यात धुतले गेले. काच, चुना आणि दिवस यांचा हिशेब जगात त्यांच्याइतका कोणाला ठाऊक नव्हता, आणि त्यांनी स्वतःच्या बायकोला ‘कधी’ एवढा साधा प्रश्न विचारला नव्हता!

“रंध्या, पोतं आण. पळ.”

“धुतलेल्या तुकड्यांची आता माळ ओवायची का दाजी?”

“अरे, चार महिने चुना काचेवर होता! पळ म्हणतो ना!”

दुकान दोन गल्ल्या सोडून होते. रंधा आपल्या दुचाकीवर सुटला तो बारा मिनिटांत पोते घेऊन परत आला. तोवर व्हरांड्यातल्या लांब बाकावर मास्तरांनी वर्तमानपत्र पसरले होते. सुट्टी संपायला तेरा मिनिटे उरली होती. मास्तरीण एकेक तुकडा काढून पुढे करू लागली. मास्तर तो डाव्या हातात घेत, तोंडाजवळ नेत, आणि घसा मोकळा करून त्यावर ‘हा’ अशी ऊन वाफ सोडीत. काचेवर धुके येई. सगळीकडे सारखे येई, आणि सारखेच विरून जाई.

पहिला तुकडा कोरा. दुसरा कोरा. तिसरा, चौथा, पाचवा, सगळे कोरे.

आजूबाजूस चार रिकामटेकडी माणसे जमली. “काय चाललंय? चष्म्याचं दुकान काढलं काय?” एकाने विचारले. रंध्याने त्याच्याकडे असे काही पाहिले की तो पुढचा विनोद गिळून बाजूला झाला.

“तळाला मोठे आहेत,” मास्तरीण म्हणाली. एका तुकड्याने तिचे बोट कापले. तिने ते तोंडात घातले आणि दुसऱ्या हाताने पुढचा तुकडा काढला.

अकरावा कोरा. बारावा कोरा. शिपायाने दारातून पुकारा केला. वकीलबाई आत गेल्या, आणि दारातूनच वळून त्यांनी दोन बोटे दाखविली. दोन मिनिटे.

चौदाव्या तुकड्यावर वाफ पडली आणि मास्तर थांबले. धुके आले होते, परंतु सारखे आले नव्हते. मधून बोटभर रुंदीचा एक पट्टा तिरका गेला होता. तेथे वाफ धरतच नव्हती. पट्टा तुकड्याच्या कडेपर्यंत जाऊन तुटला होता. “ह्याच्या शेजारचा,” मास्तर कसेबसे म्हणाले, “ह्याच्या कडेला कड लागेल असा शोध.” मास्तरिणीने एकामागून एक तीन तुकडे लावून पाहिले, आणि तिसरा चपखल बसला. पुन्हा वाफ. पट्टा एका तुकड्यातून दुसऱ्यात सरळ चालत गेला, आणि तेथे त्याला छेद देणारी दुसरी रेघ दिसली. खाली उतरताना किंचित बाहेर वळलेली.

“ही माझी फुली नव्हे,” मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज फुटला. “माझ्या दोन्ही रेघा सरळ असतात. ही हिची.”

आत गेल्यावर विमा कंपनीचे वकील चवताळून उठले. ऐनवेळी पोत्यातून काढलेल्या वस्तूला पुरावा म्हणता येत नाही, ती आधी सादर केलेली नाही, अर्जदाराच्याच ताब्यात होती, असे त्यांनी एकामागून एक आक्षेप घेतले. आणि आता तो मऊ आवाज कोठल्या कोठे गेला होता. “महाराज, ही खूण कालच काढली नसेल कशावरून? हा सरळसरळ न्यायालयाला चुना लावण्याचा प्रकार आहे!”

न्यायाधीशांनी मास्तरांकडे पाहिले. “याला तुमचं उत्तर?”

“साहेब, कालचा चुना फडक्यानं जातो. तो वरवर असतो. महिनोन्‌महिने राहिला तर काच खातो, मग तो जात नाही, कारण जायला तिथं चुना नसतोच. काचच खाल्लेली असते. म्हणून तर आम्ही फुली लगेच पुसतो. पाहिजे तर साहेबांनी स्वतः पुसून बघावं.”

वकिलांनी आव्हान स्वीकारले. त्यांनी खिशातून रुमाल काढला, पाण्याच्या पेल्यात भिजवला आणि तो तुकडा असा घासला, जणू तुकड्यावर नव्हे तर मास्तरांच्या अर्जावरच रुमाल चालवीत आहेत. मग कोरड्या टोकाने पुसून त्यांनी तो उजेडात धरला. काच निर्मळ होती. त्यांनी समाधानाने तो न्यायाधीशांपुढे ठेवला.

न्यायाधीशांनी तुकडा उचलला. जन्मभराच्या सवयीने त्यांनी तो तोंडाजवळ नेला, आणि चष्म्यावर सोडावी तशी त्यावर वाफ सोडली.

खोलीत कोणी श्वासही घेतला नाही. जणू सर्वांचा श्वास त्या एका माणसाने घेतला होता.

ते पाहत राहिले. वाफ विरली, तेव्हा त्यांनी पुन्हा सोडली. मग दुसरा तुकडा शेजारी लावून तिसऱ्यांदा सोडली. शेवटी ते म्हणाले, “फुली आहे. आणि ती तड्याच्या आरपार गेलेली आहे, म्हणजे काच फुटण्याआधीची आहे. आक्षेप नोंदवून घेतो. ही खूण कोणी काढली?”

मास्तरीण पिंजऱ्यात उभी राहिली. आजवर तिने दुकानाच्या उंबऱ्यावरून गिऱ्हाइकाशी सुद्धा मान वर करून बोलणे केलेले नव्हते. वकीलबाईंनी तिला मोजके प्रश्न विचारले आणि त्या लगबगीने बसू लागल्या, कारण पुढचा प्रश्न कोणता येणार हे त्यांना दिसत होते.

तो आलाच. “फुली ठसठशीत होती?” विमा कंपनीच्या वकिलांनी विचारले.

मास्तरिणीने नवऱ्याकडे पाहिले. वकीलबाईंची नजर विनवीत होती. रंध्याने तर हात जोडले होते. मास्तरांनी काहीच खूण केली नाही. घटकेपूर्वी त्याच पिंजऱ्यात उभे राहून ते स्वतः काय बोलले होते हे तिने ऐकले होते, आणि तेवढे तिला पुरे होते.

“पातळ होती साहेब,” ती म्हणाली. “होती, पण पातळ होती. चुन्यात मी पाणी घातलं होतं.”

रंध्याने कपाळावर हात मारला. तो आवाज शेवटच्या बाकापर्यंत गेला.

“पाहिलंत महाराज!” वकील उसळून म्हणाले.

“पाहिलं,” न्यायाधीश म्हणाले. “वकीलसाहेब, न्यायालयाला चुना लावणारा माणूस तो पातळ होता असं स्वतःहून सांगत नसतो.”

निकाल महिन्याभराने लागला. तो वाचून दाखविताना न्यायाधीश एकसुरी आवाजात बोलत होते, आणि मास्तरांना त्यातले निम्मे शब्द समजत नव्हते. परंतु जे समजले ते असे. बोळातून हमरस्त्यावर येताना चालकाने थांबावयास हवे होते, तो थांबला नाही. मुख्य निष्काळजीपणा त्याचा. काचेवर खूण होती हे सिद्ध झाले. मात्र ती असावी तितकी ठळक नव्हती, म्हणून दहातला एक वाटा दोष अर्जदाराकडे. राहिला कमाईचा प्रश्न. ज्याची रोजी चिमटीत आहे त्याची चिमूट गेली, तर दाखल्यावर आकडा काहीही असो, त्याची रोजी गेली असेच मानले पाहिजे. म्हणून भरपाई काचकामाच्या संपूर्ण कमाईवर धरावी. पुढे त्यांनी कापलेल्या काचेसंबंधीचे मास्तरांचेच वाक्य शब्दशः वाचले. मास्तरांनी मागे वळून पाहिले, की हे दुसरे कोण बोलले!

बाहेर आल्यावर वकीलबाई प्रथमच मनमोकळ्या हसल्या. दुकान राहिले होते. परंतु मास्तरिणीचा चेहरा काही उमलेना.

“दहातला एक वाटा माझ्यामुळं गेला,” ती म्हणाली.

“आणि नऊ कुणामुळं आले?” मास्तर म्हणाले. “फुली मारली नसतीस तर? आणि मारून वेळेवर धुतली असतीस तर? अगं, आपल्या धंद्यात फुली वेळेवर न पुसून फायदा झालेली तूच पहिली!”

ती हसली, आणि हसता हसता रडली. मास्तरांनी तिच्या पाठीवर उजवा हात ठेवला. त्या हातात जोर नव्हता. पण हात ठेवायला चिमूट लागत नाही.

त्यानंतरच्या दिवसांत दुकानावरून जाणाऱ्यांना एक नवे दृश्य दिसू लागले. मेजावर काच पसरलेली असे, मास्तर शेजारी स्टुलावर बसलेले असत, आणि हिरा मास्तरिणीच्या चिमटीत असे. “थांबू नको, थांबू नको, शेवटपर्यंत एका दमात,” मास्तर ओरडत. पहिल्या काही काचा सत्तर टक्क्यांवर राहिल्या. पुढे सरळ कापल्या जाऊ लागल्या.

पहिली मोठी काच गाडीवर चढली त्या सकाळी रंधा मुद्दाम पाहायला आला. मास्तरिणीने सकाळीच ताजा चुना कालवला होता, आणि तो इतका घट्ट की कुंचला त्यात उभा राही. गाडीबाहेर आलेल्या भागावर तिने जी फुली मारली ती एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत गेली.

“ताई,” रंधा म्हणाला, “गिऱ्हाइकानं काच मागितलीय की भिंत?”

“चल, पुढून ओढ,” मास्तरीण म्हणाली.

मास्तर एका बाजूने डाव्या हाताने काच सांभाळीत चालू लागले. चौकात, त्याच बोळाच्या तोंडाशी, एक टेंपो थांबून उभा होता. आतल्या माणसाने गाडी पाहिली, मग मागे तरंगत येणारी ती पांढरी फुली पाहिली, आणि हात हलवून तुम्ही आधी व्हा, अशी खूण केली. मास्तरांनी फुलीकडे एकदा निरखून पाहिले. दुसरी रेघ खाली उतरताना किंचित बाहेर वळलीच होती. सरळ मार, असे सांगण्यासाठी त्यांनी तोंड उघडले, आणि मिटले.